बोट ठेवून वाच

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला. पण ज्याचा फायदा फक्त एका रेड्याला झाला, असा मूर्खपणा एकच. ऐन हिवाळ्यात त्या रेड्याला रहाटावरून सुट्टी मिळाली ती माझ्यामुळे. चिंचेखाली बसून तो रवंथ करायचा, आणि मी दारातून जाऊ लागले की माझ्याकडे मोठ्या मायेनं बघायचा. माझ्या शिक्षणाची किंमत कळलेला ठाण्यात तेवढा एकच प्राणी होता.

झालं असं. मी तेव्हा नवं बिऱ्हाड मांडून ठाण्याला आलेली. आमचे हे कचेरीत कारकून. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. आमचा एक नातू अजून तिथंच चिकटलेला आहे. सासूबाई गावी, त्यामुळे घरात मीच राणी. आणि राणी काही साधीसुधी नव्हे, मुलींच्या शाळेत चार यत्ता झालेली! मोडी वाचायची, बाळबोध वाचायची, आणि कुणी विचारलं नाही तरी मोठ्यानं वाचायची. वाण्यानं हिंग ज्या कागदात बांधून दिला तो कागदसुद्धा मी आळीला ऐकवत असे. आज माझ्या नाती कॉलेजात जातात आणि गप्प असतात. बिचाऱ्यांना शिक्षणाचा उपयोग कसा करायचा ते कुणी शिकवलंच नाही.

आमची घरमालकीण किरिस्ताव. तळ्याकाठच्या चर्चच्या मागं तिची वाडी होती. वांगी, मुळे, लाल माठ, कडेनं मोगरा, मधोमध विहीर आणि विहिरीवर रहाट. वाडीच्या तोंडाशी दोन खोल्या, त्यांत आम्ही. सगळं ठाणं तिला नुसतं ‘बाय’ म्हणे. लाल लुगडं आखूड नेसलेलं, कानांच्या पाळ्या सोन्याच्या वजनानं लोंबलेल्या, हातात सदा विळा. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. रेड्याला, पाद्र्याला, मामलेदाराला, एकाच आवाजात. रेड्याशी जरा मऊ बोलायची, एवढाच फरक.

एका सकाळी कचेरीचा शिपाई वाडीच्या फाटकावर नोटीस डकवून गेला. बायला अक्षर येत नव्हतं. तिनं मला हाक मारली.

“पोरी, तू शिकलेली ना? वाच बघू. पन बोट ठेवून वाच.”

बोट ठेवून! चार यत्ता झालेल्या बाईनं बिगारी यत्तेतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचायचं? मी दोन्ही हात पाठीमागं बांधले, मान ताठ केली आणि शाळा तपासणाऱ्या दिपोटी साहेबासारखी खणखणीत वाचून दाखवली. गावातील सर्व विहिरींस नियमाप्रमाणे कठडा बांधावा. न बांधल्यास होळीनंतर विहीर बुजविण्यात येईल.

या दोन वाक्यांच्या मध्ये अडीच ओळी आणखी होत्या. ‘सदरहू’, ‘बरहुकूम’, ‘मजकूर’ असल्या शब्दांनी गच्च भरलेल्या. त्या मी गिळल्या. मला कळल्या नाहीत असं नव्हे बरं का. म्हणजे, कळल्या नाहीतच. पण त्याहून मोठं कारण असं, की माझ्या वाचनाला जो एक डौल आला होता तो त्या ओळींत अडखळला असता.

“कठडा चारी बाजूंनी?” बायनं विचारलं.

“कठडा म्हणजे चारी बाजूंनीच की हो, बाय.”

“मंग रहाट?”

“रहाट काढावा लागेल. सरकारचा हुकूम आहे.” हे मी अशा थाटात म्हटलं, की सरकार म्हणजे मीच.

होळीच्या आत गवंडी मिळेल त्या दिवशी काम सुरू करता यावं म्हणून बायनं दुसऱ्याच दिवशी रहाट उतरवला. मडक्यांची माळ उतरली, चाक चिंचेला टेकवून ठेवलं, आणि तिची दोन माणसं दोराबादलीनं पाणी ओढू लागली. बादलीचं पाणी पाटाच्या निम्म्यात मुरायचं. पुढचे वाफे ओले राहायचे नि मागच्या वांग्यांनी माना टाकल्या. सबंध वाडी त्या रहाटावर जगत होती, आणि बाय त्या वाडीवर.

आता तिची एक खोड सांगायला हवी. ती कुठलाही कागद दोघांकडून वाचून घ्यायची, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसायचा. मी वाचलं की चर्चमधल्या म्हाताऱ्या घंटावाल्याकडून वाचून घ्यायची. तो पानाचा तोबरा भरून, बोट ठेवून, एकेक अक्षर चघळत वाचे. दोघांचं जुळलं तर ठीक. या खेपेला घाईत रहाट आधीच उतरला होता, पण रविवारी चर्चातली मिसा झाल्यावर त्यानं फाटकाशी उभं राहून नोटीस वाचली, आणि त्याला बराच वेळ लागला. मी खिडकीतून बघून हसत होते. म्हटलं, बघा, माझं किती झटकन झालं होतं!

थोड्या वेळानं बाय माझ्या दारात.

“मास्तरीण, त्याच्या नोटिशीत जास्ती शब्द हायेत. तुज्या नोटिशीतले कुठं गेले?”

“ते होय? ते तसलंच काहीतरी असतं हो. कायद्यात लिहायची पद्धत असते.”

“तसलंच म्हंजे कसलं?”

मला फाटकाशी नेऊन तिनं माझं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं. मग मला त्या अडीच ओळी वाचाव्याच लागल्या. सदरहू कठडा ठरावासोबत मंजूर झालेल्या नकाशाबरहुकूम असावा. मजकूर नकाशा ह्या नियमाचाच भाग समजावा. तो कचेरीत ठेविला आहे.

“म्हंजे नियम हितं नाय,” बाय म्हणाली. “नियम कचेरीत हाय. हितं नुसता त्याचा निरोप हाय.”

आमच्या ह्यांच्या कचेरीत पदवीधर होते, त्यांच्यापैकी कुणालाही ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगता आली नसती. मला तर त्या दिवशी ती ऐकूनही कळली नाही.

तिचा हा स्वभाव पहिल्यापासूनच होता म्हणतात. पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, ‘असं पुस्तकात लिहिलं आहे,’ की ही बाकावरून उठायची. “कुठं? बोट ठेव.” गोव्याकडचा तो बिचारा सज्जन पाद्री पुढं पुढं पानात खूणच घालून यायला लागला. वाणी म्हणाला, ‘भिवंडीच्या भावानं देतो,’ तर ती भिवंडीहून आलेल्या गाडीवाल्याला बखोटीला धरून दुकानात आणायची. भाव दोन दिडक्यांनी कमी निघाला तरी तिला त्याचं काही नसे. तिला खरं काय ते बघायचं असे; बघून झालं की मुकाट्यानं पैसे मोजून निघायची.

आगगाडीचं तर तिचं भांडणच होतं. ठाण्याला गाडी येऊन इतकी वर्षं झाली होती, पण बाय गाडीत बसली नव्हती. एकदा कल्याणला भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून तिनं तिकीट काढलं, आणि सवयीप्रमाणं शेजारच्या माणसाकडून वाचून घेतलं. त्यावर छापलेलं होतं, की हे तिकीट कंपनीच्या नियमांस पात्र आहे. झालं! बाय खिडकीशी परत.

“कुठं हायेत नियम? दाखव.”

“ते पुस्तक मुंबईला असतं, बाई.”

“नियम मुंबईला नि मी हितं गाडीत? मी काय कबूल केलं ते मलाच ठाव नाय. हे घे तुजं तिकीट.”

गाडी गेली. बाय होडीनं गेली आणि वरात परतत असताना पोचली. पण भाचीला सांगताना तिच्या तोंडावर पश्चात्ताप म्हणून नव्हता.

तर अशी बाई नकाशा बघायला कचेरीत निघाली.

ती रोज जाऊ लागली. बरोबर एक पाट आणि वालांची टोपली. कचेरीच्या ओसरीवर पाट मांडायचा, वाल सोलत बसायचं, आणि कुणी आत जाताना दिसला की म्हणायचं, “नकाशा दाखव.” पुढं काय काय झालं ते आमचे हे संध्याकाळी येऊन सांगत, आधी रागानं, मग हसू दाबत.

हेडकारकून म्हणजे भलं मोठं प्रस्थ. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. ते बाहेर येऊन म्हणाले, “बाई, नकाशा सरकारी आहे.”

“मी कुठं खायला मागते? बघायला मागते.”

“तुला अक्षर येत नाही. बघून काय कळणार?”

“चित्र हाय ना? चित्राला अक्षर कशाला लागतं?”

“हे बघ, कायदा ठाऊक नाही ही सबब चालत नसते.”

“माजी चालत नाय ना? मंग तुजी कशी चालते? सांग, कठडा केवढा? गुडघ्याइतका का डोक्याइतका?”

रावसाहेबांनी पगडी नीट केली आणि आत गेले. त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांना ठाऊक नव्हतं. ज्यानं नोटिशीचा मजकूर लिहिला त्यालाही ठाऊक नव्हतं. नियम सगळ्या गावाला लागू होता आणि तो एकानंही बघितलेला नव्हता. सगळे मिळून एकमेकांना त्याचा निरोप देत होते.

त्या दिवशी हे घरी आले ते लाल होऊन.

“त्या बाईला नोटीस कुणी वाचून दाखवली?”

“मी.”

“सगळी?”

“म्हणजे… अर्थ येईल एवढी.”

त्यांनी कपाळाला हात लावला. रावसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की तुमची घरमालकीण आहे, तुम्हीच आवरा. ओसरीवर वालाच्या सालांचा ढीग झालाय. मग जेवताना, ताटाकडं बघतच ते हळूच म्हणाले, “नकाशा कचेरीत नाहीच. कल्याणच्या कचेरीनं नक्कल करायला नेला, तो परत आलाच नाही. रावसाहेब तसं म्हणायला तयार नाहीत. आणि हे मी बोललो असं कुठं बोलू नकोस.”

मी नाही बोलले. नुसती बायच्या ओटीवर जाऊन बसले आणि म्हटलं, “बाय, माझी मावशी कल्याणला असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलंय तिनं. तुम्हाला यायचंय का?”

बायनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. “कल्याणात हाय व्हय!” म्हणाली.

भरतीचं पाणी धरून आम्ही होडीनं निघालो. मी घरचं पाणी तांब्यात, फराळाचा डबा मांडीवर आणि जीव मुठीत धरून. बायनं माझं सोवळं कधी चेष्टेवर नेलं नाही; होडीत स्वतः टोकाला जाऊन बसली, तिचा डबा तिकडं, माझा इकडं. बंदर सुटलं तशी दोन्ही काठांना मिठागरं लागली. पांढऱ्या ढिगांवर ऊन पडून डोळे दिपत होते. त्यांतल्या एका तुकड्याकडं बायनं विळ्यानं दाखवलं. हो, विळा होडीतही होताच.

“ते आमचं होतं. माज्या सासऱ्याचं. एक मानूस आला, म्हनाला, कागदात असं असं लिव्हलंय, आता हे तुमचं नाय. सासऱ्यानं मान हलवली. माज्या घोवानं मान हलवली. मी नवी नवरी, मी पन हलवली. कागद कुनी मागितलाच नाय.” तिनं विळा मांडीवर ठेवला. “आसंल पन खरा. कागद खराच आसंल. पन बघायला पायजे होता गो.”

मी मिठागराकडं बघत राहिले. मुंब्र्याचा डोंगर मागं पडला, दिव्याच्या खाजणातले बगळे उडाले, डोंबिवली म्हणजे झाडीतली थोडीशी कौलं तेवढी दिसली. त्या सगळ्या वाटेत मी काहीच मोठ्यानं वाचलं नाही, कारण वाचायला काही नव्हतं. आणि असतं तरी वाचलं नसतं.

कल्याणच्या कचेरीत आम्ही भांडायच्या तयारीनं गेलो. बायनं पाटसुद्धा आणला होता. तिथं एक म्हातारे कारकून एकटेच बसले होते. नकाशा म्हणताच त्यांनी मानेनंच मागं दाखवलं.

“तो होय? तो काय, खिडकीला लावलाय. दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं हो माझ्या. बघा की.”

ज्या नकाशासाठी ठाण्यात वालाच्या सालांचा ढीग पडला होता, तो कल्याणात पडदा म्हणून लावलेला होता. कापडावर चिकटवलेला, चार खिळ्यांनी ठोकलेला. पलीकडून उन्हं आली होती आणि त्याची एकेक रेघ उजळून निघाली होती. मला वाटतं सरकारनंही तो इतका चांगला कधी पाहिला नसेल.

“बोट ठेव,” बाय म्हणाली.

या वेळी मी ठेवलं. विहिरीचा गोल. भोवती कमरेइतका कठडा. आणि कठड्याला एका बाजूला खिंड! तिथं लिहिलेलं, ‘रहाट असल्यास ही बाजू मोकळी ठेवावी.’ मी ते दोनदा वाचलं. रहाट काढायचाच नव्हता. कधीच नव्हता. सरकारनं काढायला सांगितला नव्हता. मी सांगितला होता.

बायनं माझं बोट त्या खिंडीवर तसंच दाबून धरलं. डोळे किलकिले करून बघत राहिली. मग म्हणाली, “पुढं?”

पुढं फरसबंदी होती, सांडपाण्याचा उतार होता, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. ‘धुण्याचा दगड कठड्यापासून दूर, उताराच्या खाली असावा.’ बायचा धुण्याचा दगड विहिरीच्या अगदी कडेला होता. तिच्या सासूनं बसवलेला. त्यावर बसूनच ती सकाळची पहिली तंबाखू मळायची, नवऱ्याविषयी बोलायची असली तरी तिथंच बोलायची. माझ्या जिभेवर आलं की हे गाळावं. खरंच सांगते, गाळणारच होते; पण माझं बोट तिच्या हातात होतं. वाचलं.

बायनं माझं बोट सोडलं. मग म्हणाली, “दाखवलंस ना? मंग हलवीन.”

मला वाटत होतं तिला कायदा चुकवायचा आहे. तिला तो नुसता बघायचा होता.

नकाशा खिडकीचा काढून देणं म्हाताऱ्यांना शक्य नव्हतं. ऊन आलं असतं. पण मला एक विद्या खरीच येत होती, ती म्हणजे रांगोळी. एकदा बघितलेली रांगोळी माझ्या डोळ्यांत ठिपक्यांसकट बसायची. मी तो नकाशा तसाच बघितला, ठिपक्यांत मोजून. विसरू नये म्हणून मावशीच्या अंगणात जाऊन लगेच काढला. मावशी हळदीकुंकवाची तबकं टाकून धावत आली.

“अगं, सणाच्या दिवशी दारात विहीर काढतात का? शिकून तुझं डोकं फिरलंय की काय!”

ठाण्याला परतून बायनं रावसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू कल्याणात काय पाहिलंस त्याला पुरावा काय? आमच्याकडं नकाशा नाही, म्हणजे खिंडही नाही. होळीनंतर माणसं येतील.” नकाशा नसल्याचं त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं, पण ते तिच्याविरुद्धच!

मागच्या वाफ्यांतली वांगी तोवर वाळून काड्या झाली होती. खिंड मान्य होईना, म्हणून रहाट चिंचेलाच टेकून राहिला; होळी जवळ येत चालली. रेडा जाड झाला.

आणि मग बडा साहेब तपासणीला येणार असं ठरलं. कचेरीला तोरणं बांधायची, सडा घालायचा. रावसाहेबांनी ह्यांना सांगितलं, “तुमच्या घरातून रांगोळी चांगली काढतात म्हणे. पहाटे येऊन अंगणात एक झकास रांगोळी काढून जाऊ दे.” हे खूश होऊन आले. मी ते बायला सांगितलं, नुसतं आपलं कौतुक म्हणून. मोठी कमळं काढणार आहे, वेल काढणार आहे, म्हटलं.

“कमळं कशाला?” बाय म्हणाली. “विहीर काढ.”

मी ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि त्यांचं बरोबरच होतं. नोकरी गेली असती तर आम्ही खाल्लं काय असतं? मला ती भीती होती. पण खिडकीतून ती वाळलेली वांगी दिसायची, आणि ती माझी होती.

फटफटायला लागलं तेव्हा काढायला बसले. अंगणभर. विहिरीचा गोल, कठडा, खिंड, फरसबंदी, उतार, धुण्याचा दगड. आणि जिथं जी अक्षरं होती तिथं ती अक्षरं, एकही न गाळता. काढून झाली तेव्हा कोपऱ्यातून बघताना मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू! मग मी फाटकाच्या आड, पदर तोंडात धरून उभी राहिले. बाय मात्र रांगोळीशेजारी पाट टाकून बसली.

रावसाहेब आले आणि जागीच थांबले. शिपाई केरसुणी घेऊन धावला आणि तोही थांबला. दारातली रांगोळी अशा दिवशी पुसायची कशी? शिपायाचा हात काही होईना. आमचे हे आले. त्यांनी रांगोळी पाहिली, मग फाटकाकडं पाहिलं. त्यांच्या तोंडाचा रंग मला अजून आठवतो. तेवढ्यात साहेबाची बग्गी आली.

साहेब गोरा, उंच, मुन्शीकडून शिकलेलं मराठी बोलणारा. रांगोळीला वळसा घालून तो उभा राहिला.

“हे काय आहे?”

“तुजा नियम हाय,” बाय बसल्या बसल्या म्हणाली. “तुज्या मानसांकडं नाय, म्हनून आमी आनला.”

साहेबानं रावसाहेबांकडं पाहिलं. “मूळ नकाशा आणा.”

रावसाहेब दप्तराच्या खोलीत गेले. बाहेर आले. पुन्हा आत गेले. आतून खोकल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग आमचे हे एक पाऊल पुढं आले. उंदराला भिणारा माणूस तो, पण आले.

“साहेब, मूळ नकाशा कल्याणास आहे. परत मागवायचा राहिला.”

माणूस गाडीनं कल्याणला धाडला गेला. शिपायानं रांगोळीभोवती दोरी बांधली. दुपारी नकाशा आला, म्हणजे कल्याणच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर शेवटी ऊन आलंच! साहेबानं तो ओसरीवर पसरला आणि हातातल्या छडीनं रेघेला रेघ ताडून पाहू लागला. कठडा जुळला. खिंड जुळली. अक्षरं जुळली. धुण्याचा दगडसुद्धा जागच्या जागी. साहेब एका कोपऱ्याशी थबकला. नकाशात पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं.

“नकाशात हा मोर कुठे आहे?”

अगंबाई! तो कोपरा मोकळा होता हो. इतका मोठा कोपरा, आणि हातात चिमूटभर निळा रंग उरलेला. हात आपोआप गेला होता. पिसारा फुलवलेला, तोंडात वेल धरलेला मोर सरकारच्या नियमात दिमाखानं उभा होता.

“तो हिचा हाय,” बायनं फाटकाकडं हात केला. “रिकामी जागा हिला बघवत नाय.”

साहेब हसला. मोठ्यानं हसला. मग रावसाहेबांनाही हसावं लागलं, जरा उशिरा. नकाशा चौकटीत घालून कचेरीच्या दाराबाहेर लावावा आणि जो मागेल त्याला दाखवावा, असा हुकूम साहेब जागेवरच देऊन गेला. आमच्या ह्यांची नोकरी राहिली. माझ्याशी मात्र ते आठवडाभर मोराशिवाय दुसऱ्या कशाविषयी बोलले नाहीत.

ठाण्यात नियमाबरहुकूम बांधलेली पहिली विहीर बायची. तिनं रोज कचेरीच्या दाराशी जाऊन चौकट बघून यायचं आणि गवंड्याला सांगायचं. सासूचा दगड तिनं चार माणसं लावून हलवला, नकाशात होता तिथं, बोटभरही इकडं तिकडं नाही. हलवताना तोंड फिरवून उभी राहिली. पुढं लोक कचेरीत न जाता तिचीच विहीर बघायला यायचे, आणि ती त्यांना हाकलून द्यायची. “मी काय नियम हाय? तिकडं जा. दारावर लावलाय, बघून ये.”

होळीच्या आधी रहाट परत चढला. मडकी पाण्यात गेली, वर आली, पाटात पाणी पडलं आणि सरसर करत मागच्या वाफ्यांपर्यंत गेलं. तिथं नवी रोपं लावलेली होती. रेडा गोल फिरत होता आणि दर फेऱ्याला माझ्याकडं असा बघत होता, की एवढी ओळख असून तू हे केलंस?

मी बायच्या शेजारी, त्या हलवलेल्या दगडावर बसले होते. पुष्कळ दिवस मनात होतं ते एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, बाय, त्या अडीच ओळी मी गाळल्या नसत्या, तर हा रहाट कधी उतरलाच नसता. तुमची वांगी वाचली असती. माझी चूक झाली, मला माफ करा.

बायनं तंबाखू मळली, तोंडात टाकली, पाण्याकडं बघितलं, आणि म्हणाली:

“तू गाळलंस म्हनून तर समजलं गो, तिथं कायतरी हाय. तू सगळं घडाघडा वाचलं असतंस, तर मी पन मान हलवली असती. आता अशीच वाचत जा. तू जे गाळशील, तेवढं मी जाऊन बघून येईन.”